मांजराच्या कातडीचे विकार : त्यांचीं कारणें व उपचार

आपल्या मासिकांतून बैलांचे, गाई-म्हशींचे व शेळ्या-मेंढ्यांचे रोग यांवर वेळोवेळीं माहितीपूर्ण लेख येत असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरांतील जें जनावर वैरण मागत नाहीं, दावें मागत नाहीं, आणि ज्याची किंमत कोणत्याही नोंदवहींत चढविली जात नाहीं, त्या मांजराविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. ज्यांच्या घरीं ज्वारी, गहूं, भुईमूग यांचीं पोतीं भरून ठेविलेलीं असतात, त्यांस मांजराची योग्यता निराळी सांगावयास नको. तें मांजर आजारी पडलें, त्याचे केंस गळूं लागले, अंगावर खपल्या धरल्या, म्हणजे मात्र आपण दोहोंपैकीं एक गोष्ट करतों. एक तर मांजरास खरूज झाली असें म्हणून त्यास घराबाहेर हांकलतों, किंवा गोठ्यांतील फळीवर जें औषध हातास लागेल तें त्यास चोपडतों. पहिल्या गोष्टीनें कोठार उघडें पडतें. दुसरीनें मांजर प्राणास मुकतें. ही दुसरी चूक प्रस्तुत लेखकानें स्वतः केलेली आहे, आणि तीच हा लेख लिहिण्यास कारण झाली आहे.

घडलें तें असें. तीन वर्षांपूर्वीं भाद्रपद महिन्यांत आमच्या घरची मनी नांवाची मांजरी अंग फार खाजवूं लागली. शेपटीच्या बुडाशीं व कमरेवर तिचे केंस विरळ झाले, आणि हात फिरवितां बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या बोटांस लागूं लागल्या. त्याच दिवशीं आमच्या बैलांस गोचिडांचें औषध लावणें चाललें होतें. बाटलीच्या तळाशीं थोडें औषध उरलें होतें. एवढ्याशा मांजरासाठीं तें पाण्यांत कालवीत कोठें बसावें, असा विचार करून मीं तें तसेंच फडक्यावर घेतलें व तिच्या पाठीवर चोळलें. दिवेलागणीच्या सुमारास तिचे कान थरथरूं लागले, तोंडास लाळ आली, पाय लटपटूं लागले. रात्रीं सर्व अंगास झटके येऊं लागले. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आमच्या गांवाहून १४ किलोमीटर दूर. वाहन मिळवून निघेपर्यंत पहांट झाली, आणि मनी वाटेंतच गेली. तिचीं दीड महिन्याचीं दोन पिलें घरीं राहिलीं होतीं.

डॉक्टरांनीं तिचें अंग पाहिलें, मीं बरोबर नेलेल्या बाटलीवरील नांव वाचलें, आणि शांतपणें म्हणाले, "भाऊसाहेब, हिला खरूज नव्हती, पिसवा होत्या. आणि ही पिसवांनीं मेली नाहीं, औषधानें मेली."

महसूल खात्यांत माझीं बत्तीस वर्षें कारकुनींत गेलीं. जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय नुकसानीचा आंकडा लिहूं नये, आधीं पंचनामा आणि मग निकाल, हें मीं नव्या कारकुनांस कितीदां तरी बजाविलें असेल. घरच्या मांजराच्या बाबतींत मात्र मीं पाहणी न करतांच हुकूम देऊन मोकळा झालों. त्या वर्षीं हिंवाळ्यांत बियाण्याच्या शेंगांचीं दोन पोतीं उंदरांनीं फोडलीं, तेव्हां त्या हुकुमाची किंमत घरांतील सर्वांस कळली. पुढें डॉक्टरांस विचारून व वाचून जें समजलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें क्रमानें मांडतों.

मांजर म्हणजे लहान बैल नव्हे

मांजराच्या औषधांत इतकी सावधगिरी कां लागते, हें प्रथम पाहूं. त्याचीं कारणें दोन. पहिलें कारण त्याच्या जिभेचें. मांजराची जीभ खरखरीत असते, आणि जागेपणाचा बराच वेळ तें आपलें अंग चाटण्यांत घालवितें. बैलाच्या पाठीवर लाविलेलें औषध बैलाच्या पाठीवर राहतें; मांजराच्या पाठीवर लाविलेलें औषध मांजराच्या पोटांत जातें. सबब, जें औषध मांजरास पाजण्यास आपण धजणार नाहीं, तें त्याची जीभ पोंचेल अशा जागीं लावूंही नये.

दुसरें कारण यकृताचें. शरीरांत गेलेल्या कित्येक औषधांस व विषांस यकृत ग्लुकुरॉनिक अम्लाची जोड देऊन निरुपद्रवी करतें व बाहेर टाकतें. माणूस, बैल, कुत्रा यांच्या ठिकाणीं ही क्रिया चांगली चालते. मांजराच्या यकृतांत मात्र ती फार दुबळी असते. त्यामुळें दुसऱ्या प्राण्यास जी मात्रा सहज पचते, तीच मांजराच्या अंगांत सांचून राहते व त्यास मारते.

गोचिडांवर वापरलीं जाणारीं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन व त्यांच्याच वर्गांतील पर्मेथ्रिन या औषधांचें असेंच आहे. शेवंतीच्या कुळांतील पायरेथ्रम नांवाच्या फुलांत जें कीटकनाशक द्रव्य असतें, त्याच्या धर्तीवर इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथील कृषि-संशोधन केंद्रांत मायकेल इलियट व त्यांचे सहकारी यांनीं १९७३-७४ च्या सुमारास हीं औषधें तयार केलीं. पिकांस व गुरांस तीं फार उपयुक्त ठरलीं आहेत. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु मांजरास तीं विष आहेत. कुत्र्याच्या पिसवांसाठीं मानेवर टाकण्याच्या कांहीं औषधांतही पर्मेथ्रिन असतें. तें मांजरास लावूं नये, इतकेंच नव्हे, तर असें औषध लाविलेल्या कुत्र्याशेजारीं मांजरास निजूंही देऊं नये.

याशिवाय पुढील वस्तु मांजराच्या अंगास लावूं नयेत. गोचिडांवरील अमिट्राझ, फिनेल व कार्बोलिक, रॉकेल, टर्पेंटाइन व इंजिनांतील जळकें तेल, तंबाखूचें पाणी, निलगिरीचें तेल व कापूर. कडुलिंबाचें तेल झाडापानांचें म्हणून निर्धोक, असा आपला समज असतो. परंतु तेंही मांजरास बाधतें. पूर्वीं घरोघरीं असलेली गॅमेक्सिनची पूड ज्या बी.एच.सी. नामक द्रव्याची होती, त्यावर आपल्या देशांत १९९७ सालींच बंदी आली. एखाद्या जुन्या डब्यांत ती उरली असल्यास कोणत्याच जनावरास लावूं नये. आणि ताप असेल म्हणून पॅरासिटामॉलची गोळी मांजरास कदापि देऊं नये. माणसाची एक गोळी मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी होते.

आधीं पाहणी

कातडीचा विकार ओळखण्यास पुढील प्रश्नांचीं उत्तरें मिळवावीं, आणि तीं कागदावर लिहून दवाखान्यांत न्यावीं. डॉक्टरांचें अर्धें काम त्यानेंच होतें.

(१) विकार अंगाच्या कोणत्या भागीं आहे? शेपटीचें बूड, कानाची कड, कानाचें आंतील अंग, तोंड, पोट, कीं सर्वांग?
(२) खाज आहे कीं नुसते केंस गेले आहेत?
(३) केंव्हां सुरू झाला? पावसाळ्यांत, उन्हाळ्यांत, नवें अन्न सुरू केल्यावर, कीं भांडण झाल्यावर?
(४) घरांतील दुसऱ्या मांजरास, कुत्र्यास किंवा माणसास कांहीं झालें आहे काय?
(५) अंगास पूर्वीं काय लाविलें आहे?

पाहणी दिवसाच्या उजेडांत करावी. मांजर अंग धरूं देत नसल्यास त्यास जाड टॉवेलांत किंवा स्वच्छ गोणपाटांत गुंडाळून डोकें तेवढें बाहेर ठेवावें. मग बारीक दातांच्या फणीनें शेपटीच्या बुडाशीं व मानेवर केंस विंचरावे, आणि जें पडेल तें ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकावें. काळे बारीक कण पडून त्यांच्याभोंवतीं तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा होय. कारण तिच्यांत मांजराचेंच रक्त असतें. साध्या मातीस असा तांबडा रंग सुटत नाहीं. मनीच्या वेळीं ही परीक्षा मीं केली असती, तर पांच मिनिटांत उलगडा झाला असता.

विकारांचीं मुख्य कारणें

पिसवा.— मांजराच्या खाजेचें हें सर्वांत मोठें कारण. कित्येक मांजरांस पिसूच्या लाळेचें वावडें असतें. अशा मांजरास थोड्या पिसवा चावल्या तरी सर्व कमर खाजूं लागते, शेपटीच्या बुडाचे केंस जातात, व बाजरीच्या दाण्यांसारख्या खपल्या येतात. मांजर पिसवा चाटून गिळतें, म्हणून अंगावर पिसू दिसली नाहीं तरी पिसवा नाहींत असें समजूं नये.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकंदर पिसवांचा फार थोडा भाग होत. एक मादी दिवसास चाळीस-पन्नासपर्यंत अंडीं घालते. तीं अंगावर न राहतां मांजर निजतें तेथें गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या धुळींत, पेंढ्यांत व जमिनीच्या फटींत वाढतात, आणि पुढें कोशांत महिनेच्या महिने दडून राहूं शकतात. बंद घर उघडून आंत पाऊल टाकतांच पायांस पिसवा चावतात, त्याचें कारण हेंच. आपल्याकडे पावसाळ्याच्या दमट हवेंत त्यांची वाढ विशेष होते. म्हणून मांजरास एकदां औषध लावून थांबणें म्हणजे शेंडा खुडून मूळ ठेवणें होय.

उपचार असा. मांजरांसाठीं म्हणून मिळणारें फिप्रोनिलचें किंवा सेलामेक्टिनचें औषध वजनाप्रमाणें घेऊन मानेच्या मागें, जेथें जीभ पोंचत नाहीं तेथें, केंस बाजूस सारून कातडीवर टाकावें. घरांतील सर्व मांजरांस, आणि कुत्रा असल्यास त्यास त्याचें औषध, एकाच दिवशीं द्यावें, व निदान तीन महिने दर महिन्यास तें चालू ठेवावें. शेतांत फवारण्याच्या औषधांतही फिप्रोनिल असतें. नांव एकच पाहून तें मांजरास लावूं नये. त्याची तीव्रता व त्यांतील इतर द्रव्यें जनावरासाठीं नसतात. आठ आठवड्यांखालील पिलांस डॉक्टरांस विचारल्याशिवाय औषध लावूं नये. दररोज फणीनें विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यांत टाकाव्या. लहान पिलांस पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन तीं दगावतात. मांजराचें अंथरूण कढत पाण्यांत धुऊन उन्हांत वाळवावें, कोठाराचे कोपरे व फटी वरचेवर झाडाव्या, व तो केर जाळावा.

पिसू गिळल्यानें मांजराच्या पोटांत पट्टकृमि होतात. गुदद्वारापाशीं किंवा अंथरुणावर भाताच्या शितासारखे किंवा काकडीच्या बियांसारखे दिसणारे तुकडे आढळले, तर जंतांचें औषधही डॉक्टरांकडून घ्यावें.

खरूज.— खरी खरूज ही डोळ्यांस न दिसणाऱ्या एका किड्यापासून होते. हा किडा कातडींत बिळें करून राहतो. ती ओळखण्याची खूण म्हणजे तिचा आरंभ कानाच्या कडेपासून होतो. तेथून ती कान, कपाळ, पापण्या व मान यांवर पसरते. कातडी जाड व सुरकुतलेली होऊन तिजवर करड्या-पिंवळ्या खपल्यांचा थर बसतो. मांजर अंगाचें वेटोळें करून निजतें व पंजानें तोंड पुसतें, त्यामुळें पुढें पंजे व शेपटीचें बूड हींही धरतात. खाज भयंकर असते. उपचार न झाल्यास मांजर खंगून मरतें, आणि एका मांजरापासून दुसऱ्यास ती झपाट्यानें लागते. माणसास तिच्यामुळें कांहीं दिवस खाज सुटते. पण हा किडा माणसाच्या अंगावर टिकून वंश वाढवीत नाहीं, व मांजर बरें झालें म्हणजे माणसाची खाजही थांबते.

ही खरूज पाहण्यास जितकी किळसवाणी, तितकीच बरी होण्यास सोपी आहे. डॉक्टर खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, आणि सेलामेक्टिन किंवा आयव्हरमेक्टिन योग्य मात्रेंत देतात. गुरांसाठीं असलेलें आयव्हरमेक्टिन अंदाजानें टोंचूं नये. बैलाची मात्रा व मांजराची मात्रा यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. अशीं मांजरें गांवांत कुरूप म्हणून दगड खातात, पण योग्य औषधानें तींच थोड्या आठवड्यांत पूर्ववत् होतात.

कानांतील किडे.— मांजर डोकें झटकतें, कान खाजवून रक्त काढतें, आणि कानांत चहाच्या भुकटीसारखा काळसर मळ दिसतो. हे किडे कानांतच राहतात. कानांत काडी घालूं नये, तेल ओतूं नये. पडद्यास इजा होते. हेंही औषध डॉक्टरांकडूनच घ्यावें, व घरांतील सर्व मांजरांस व कुत्र्यांस द्यावें.

गजकर्ण.— इंग्रजी नांवावरून हा कांहीं जंताचा रोग वाटतो. पण तो जंत नव्हे, बुरशी होय. तिचें शास्त्रीय नांव मायक्रोस्पोरम कॅनिस. कॅनिस म्हणजे कुत्र्याचा. परंतु तिचें मुख्य घर मांजर हेंच आहे. तोंड, कान व पुढचे पाय यांवर वाटोळे, केंस तुटलेले, कोंडा धरलेले चट्टे पडतात. खाज कधीं असते, कधीं नसते. पिलांस हा रोग विशेष होतो. एखाद्या मांजरावर, विशेषतः लांब केंसांच्या, कांहींच खूण न दिसतां तें बुरशी बाळगून असतें. गळलेल्या केंसांवर बुरशीचे बीजकण महिनोगणती जिवंत राहतात, व त्यांपासून मुलांस गजकर्ण होतें.

नक्की निदानासाठीं नव्या दांतघासणीनें मांजराचे केंस विंचरून ती घासणी प्रयोगशाळेंत पाठवितात. तेथें बुरशी उगवून येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. उपचार दुहेरी आहे : पोटांतून इट्राकोनाझोल, आणि अंगास आठवड्यांतून दोनदां चुना व गंधक यांचें पातळ द्रावण. द्राक्षबागाईतदारांस हें द्रावण परिचयाचें आहे. पण बागेसाठीं असलेलें तीव्र द्रावण मांजरास चालत नाहीं. डॉक्टर देतील तेंच, सांगतील तितकें पातळ करून लावावें, व अंग सुकेपर्यंत मांजरास चाटूं देऊं नये. घरांतील गळलेले केंस रोज झाडून-पुसून काढावे. हेंच मुख्य काम. जमीन स्वच्छ केल्यावर पातळ ब्लीचच्या पाण्यानें पुसण्यास हरकत नाहीं, मात्र ती सुकेपर्यंत मांजर तेथें फिरूं नये. चट्टे दिसेनासे झाले म्हणून औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

भांडणाच्या जखमा.— बोक्यांच्या भांडणांत दांत खोल जातो व वरचें छिद्र लगेच मिटतें. दोन-चार दिवसांनीं गालावर किंवा शेपटीच्या बुडाशीं ऊन लागणारी दुखरी सूज येते, मांजर खाणें सोडतें. मग गळूं फुटून तेथील केंस व कातडी जाते. हा रोग नव्हे, जखम आहे. वरून हळद भरून छिद्र बुजविल्यानें पू आंत कोंडतो. डॉक्टर गळूं फोडून धुतात व प्रतिजैविक देतात. पावसाळ्यांत अशा जखमेंत अळ्या पडतात; गुरांच्या जखमेंत घालतों तें टर्पेंटाइन वा फिनेल येथें घालूं नये. बोका खच्ची करून घेतल्यास भटकणें व भांडणें बरींच कमी होतात.

उन्हाचा व्रण.— पांढऱ्या मांजराच्या, किंवा ज्याचे कान व नाक पांढरे आहेत अशाच्या, कानाची कड प्रथम लाल होते, मग तेथें खपली धरते, ती पडते व पुन्हां धरते, आणि महिनोन् महिने बरी होत नाहीं. यास खरूज समजून कित्येक लोक मलमें लावीत बसतात. वास्तविक उन्हानें होणारा हा कर्करोगाचा आरंभ असूं शकतो. वेळीं दाखविल्यास कानाचें टोंक कापून मांजर वांचतें. उशीर केल्यास वांचत नाहीं. अशा मांजरास दुपारच्या उन्हांत बसूं देऊं नये.

आहार.— मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या कातडीस लागणारें अॅराकिडॉनिक अम्ल नांवाचें स्निग्ध द्रव्य त्याचें शरीर स्वतः तयार करूं शकत नाहीं. तें मांस, मासे, अंडीं यांतूनच मिळतें. नुसत्या दूध-भाकरीवर ठेविलेल्या व शिकार न मिळणाऱ्या मांजराचे केंस निस्तेज होतात व कोंडा धरतो. टॉरिन नांवाचें दुसरें असेंच द्रव्य न मिळाल्यास मांजराचें हृदय मोठें व दुबळें होतें, हें अमेरिकन पशुवैद्यांनीं १९८७ सालीं सिद्ध केलें. याउलट, एखाद्या मांजरास विशिष्ट अन्नाचेंच वावडें असतें. त्यानें डोकें व मान फार खाजते. अशा वेळीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें, पूर्वीं कधीं न दिलेलें एकच अन्न आठ आठवडे देऊन पाहतात.

केंस चाटून काढणें.— कांहीं मांजरें पोट व मांड्या चाटून चाटून उघड्या करतात. याचें कारण बहुधा खाजच असते. परंतु लघवीच्या जागेचें दुखणें, घरांत आलेलें नवें जनावर किंवा कसलें तरी भय हींही कारणें असूं शकतात. म्हणून मलम लावण्यापूर्वीं मांजर लघवी नीट करतें कीं नाहीं, हें पाहावें. बोका लघवीस बसून कुंथत असेल व लघवी होत नसेल, तर त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. एक दिवसाचा उशीरही प्राणघातक होतो.

एका इंजेक्शनाविषयीं

खाजेवर स्टेरॉइडचें एक इंजेक्शन दिलें कीं मांजर कांहीं आठवडे शांत राहतें, म्हणून पुष्कळ लोक तेंच मागून घेतात. योग्य निदानानंतर डॉक्टरांनीं दिलेल्या औषधास आमचा आक्षेप नाहीं. पण निदान न करतां वारंवार घेतलेल्या अशा इंजेक्शनानें पिसवा मरत नाहींत, गजकर्ण उलट पसरतें, आणि मांजरास मधुमेह जडण्याचा संभव असतो. माणसांनींही हेंच लक्षांत ठेवावें. मुलाच्या अंगावर वाटोळा चट्टा दिसतांच दुकानांतून आणलेलें स्टेरॉइडमिश्रित मलम लाविल्यानें गजकर्ण दबल्यासारखें दिसतें व आंतून वाढतें. मुलास माणसांच्या डॉक्टरांकडे न्यावें, व घरीं मांजर आहे हें त्यांस सांगावें.

विषबाधा झाल्यास

चुकून मांजरास गोचिडांचें औषध लागलें, आणि कान फडफडणें, लाळ गळणें, अंग थरथरणें हीं चिन्हें दिसूं लागलीं, तर वाट पाहूं नये. कोमट पाण्यानें व भांडीं घासण्याच्या सौम्य साबणानें अंग धुवावें. पाणी कढत नको, थंडही नको. अंग टिपून कोरड्या कापडांत गुंडाळून ऊब द्यावी. वांति करविण्याचा यत्न करूं नये, दूध-तेल पाजूं नये. झटके येत असल्यास धुण्यांत वेळ न घालवितां तसेंच दवाखान्यांत न्यावें. औषधाची बाटली बरोबर न्यावी. लवकर पोंचलेलीं पुष्कळ मांजरें वांचतात. मीं बाटली नेली, पण बारा तास उशीरां नेली.

उपचार करतांना मांजर चावलें किंवा बोचकारलें, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, व त्याच दिवशीं सरकारी रुग्णालयांत जाऊन पिसाळ रोगाच्या लसीविषयीं विचारावें. घरचेंच मांजर आहे म्हणून यांत हयगय करूं नये. मांजरास ती लस आधींच टोंचून ठेवणें उत्तम.

उपसंहार

मनीच्या दोन पिलांपैकीं एक आम्हीं वाढविलें. पुढच्या वर्षीं त्या मांजरीच्या भुंवईवर वाटोळा चट्टा उठला, आणि आठ दिवसांनीं माझ्या नातीच्या हातावर तसेंच कडें दिसलें. घरांत एकच गलका झाला, कीं मांजरीस पोत्यांत घालून शिवेपलीकडे सोडून यावें. मीं म्हटलें, आधीं पंचनामा. फडक्याची परीक्षा केली, पिसवा नव्हत्या. कानाची कड स्वच्छ होती. चट्टा खाजत नव्हता. हें सर्व कागदावर लिहून मांजरीस दवाखान्यांत नेलें. केंसांची तपासणी होऊन गजकर्ण ठरलें. नातीस माणसांच्या डॉक्टरांनीं औषध दिलें, मांजरीस पशुवैद्यांनीं. मांजरीस दोन महिने एका खोलींत कोंडून ठेविलें, रोज केंस झाडले, अंथरुणें धुतलीं. दोघीही बऱ्या झाल्या. एकंदर खर्च एका पोत्या ज्वारीच्या किंमतीहून कमीच आला. ती मांजरी आजही कोठारांत फिरते आहे, आणि गेल्या हंगामांत एकही पोतें फुटलेलें नाहीं.

तात्पर्य, कातडीवर दिसतें तें रोगाचें चिन्ह असतें, रोग नव्हे. आणि एकसारखें दिसणाऱ्या चिन्हांचीं कारणें सात-आठ असूं शकतात. कारण ठरविल्याशिवाय औषध लावूं नये, आणि दुसऱ्या जनावराचें औषध मांजरास केव्हांही लावूं नये. गोठ्यांतील औषधांची फळी व मांजराचें अंग यांमध्यें हा एवढा नियम उभा ठेविला, तरी पुष्कळ मांजरें वांचतील.

वाचकांनीं या बाबतींतील आपले अनुभव, विशेषतः चुका, मासिकाकडे लिहून पाठवावे, अशी विनंति आहे. फसलेल्या उपचाराची हकीकत लिहिण्यास लाज वाटते, हें मी जाणतों. पण अशी एखादी हकीकत मनीपूर्वीं माझ्या वाचण्यांत आली असती, तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती.